शंभर टक्के गार हवा

प्रश्न : अमेरिकेतल्या 'रूट ६६' महामार्गावरच्या एका जुन्या मोटेलचा फोटो पाहिला. पाटीवर निळा पक्षी आणि '१०० टक्के रेफ्रिजरेटेड एअर' असा मजकूर. हवा काय फ्रिजमधून काढून देतात?
– एक वाचक, अकोला

उत्तर : प्रश्न अकोल्याहून आला हे बरं झालं, मुंबईकराला समजावताना घाम फुटला असता. हे 'ब्लू स्वॅलो मोटेल', न्यू मेक्सिको राज्यातल्या टुकुमकारी गावचं. निळा पक्षी म्हणजे पाकोळी.

तिकडचा उन्हाळा तुमच्यासारखाच, कडक आणि कोरडा. त्यामुळे घरोघरी कूलर. तुमच्याकडे वाळ्याच्या ताट्या, तिकडे लाकडाच्या बारीक तासणीचे पॅड. बाकी पाणी, पंखा, सगळं तेच. पण पावसाळी ढग जमले, हवा दमट झाली, की पाण्याचं बाष्पीभवन मंदावतं आणि कूलर नुसती चिकचिक करतो. तिथेही जुलै-ऑगस्टमध्ये पावसाच्या सरी येतात. कॉम्प्रेसरवाला एसी मात्र हवा गारही करतो आणि कोरडीही. तेव्हा दिवसभर तापलेल्या मोटारीतून येणाऱ्याला पाटी सांगत होती : आमच्याकडे कूलर नाही, एसी आहे. 'शंभर टक्के' हा निव्वळ जाहिरातीचा मसाला. न्यू मेक्सिकोत घरं विकणारे आजही एसीला 'रेफ्रिजरेटेड एअर'च म्हणतात.

डब्ल्यू. ए. हगिन्स यांनी १९३९ मध्ये या मोटेलचं बांधकाम सुरू केलं. गुलाबी गिलावा, त्यावर शिंपल्यांची नक्षी आणि खोल्यांना लागूनच गॅरेज. गाडी आत घालायची, सामान काढायचं, दोन पावलांवर पलंग. मोटेल या प्रकाराची सगळी अक्कल त्या गॅरेजमध्ये आहे, असं माझं मत.

पण ब्लू स्वॅलोचं नाव झालं ते लिलियन रेडमन यांच्यामुळे. १९५८ मध्ये फ्लॉइड रेडमन यांनी हे मोटेल विकत घेऊन लिलियनला साखरपुड्याची भेट म्हणून दिलं. (आपल्याकडे अंगठीवर भागतं.) पाहुण्याकडे पैसे कमी पडले तर हे जोडपं एखादी वस्तू ठेवून घेई, नाहीतर खोली फुकट देई. निऑनची पाटीही त्यांच्याच काळातली. निऑन वायू स्वतः लालसर नारिंगी प्रकाश देतो. निळ्यासाठी नळीत आर्गॉन आणि किंचित पारा भरतात. नळी तापवून, हाताने वाकवून आकार द्यायचा. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या पाट्यांपुढे हे काम महाग पडू लागलं आणि बहुतेक मोटेलांनी निऑन उतरवून ठेवलं.

एके काळी 'आज रात्री टुकुमकारी, २००० खोल्या' अशा अर्थाचे फलक कित्येक मैल आधीपासून लागत. १९८१ मध्ये आंतरराज्य महामार्ग ४० गावाला वळसा घालून गेला आणि धंदा बसला. १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत यादीतूनच निघाला. लिलियनबाईंनी तरीही १९९८ पर्यंत मोटेल सांभाळलं. मधे, १९९३ मध्ये, देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली. पिक्सारच्या 'कार्स' चित्रपटातल्या मोटेलच्या पाटीवरही हीच शंभर टक्के गार हवा आहे, मुलांना दाखवा.

लिलियनबाईंनंतर मालक बदलले, दुरुस्त्या झाल्या, पण पाटी जागेवरच आहे. कधी त्या बाजूला गेलात तर मुक्कामही करता येईल. खोल्या मोजक्याच, तेव्हा आधी आरक्षण करून जा.