गर्दचे व्यसन : उपचार आणि गावाची जबाबदारी

कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्या १६७४ मधील बलिदानामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. या परिसराचे दुसरे नाते मुंबईशी आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागांतील तरुण अनेक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि बाजारांत कामासाठी जात राहिले. त्यांच्या मनिऑर्डरींवर गावाकडची घरे उभी राहिली. शहराचे सुख जसे या वाटेने गावी आले, तशी शहराची दुखणीही आली. म्हणूनच अफूजन्य पदार्थांचे व्यसन हा केवळ महानगरांचा प्रश्न आहे, असे मानून ग्रामीण भागाला स्वस्थ बसता येणार नाही. उपचार घेऊन परतलेल्या माणसाला गाव कसे वागविते, यावर त्याचे पुढील आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते.

अफूपासून गर्दपर्यंत

खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली असता जो चीक पाझरतो, तो वाळला की अफू तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत अफूतून मॉर्फिन वेगळे करण्यात आले. मॉर्फिनपासून बनविलेले हेरॉईन १८९८ मध्ये चक्क खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आले. त्याचेच अशुद्ध रूप म्हणजे ब्राऊन शुगर, अर्थात गर्द. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने थैमान घातले. अलीकडे वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधे यांचाही नशेसाठी गैरवापर होतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक औषध याच कारणाने २०१८ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले.

महाराष्ट्राला अफू नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. त्याच मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफू घातलेली बाळगोळी देऊन निजवीत. मूल सांभाळण्यास घरी कोणी नाही आणि पाळीवर न गेल्यास मजुरी बुडणार, अशी ती अडचण होती. त्या मातांना वाईट चालीच्या म्हणणे सोपे होते. पाळणाघर काढणे कठीण होते. आजच्या प्रश्नाचे स्वरूपही काहीसे असेच आहे.

व्यसन का जडते?

वेदना शमविणारी काही द्रव्ये मानवी शरीर स्वतःच निर्माण करते. मेंदूतील ज्या ग्राहक-केंद्रांवर त्यांचा परिणाम होतो, त्यांचा शोध १९७३ मध्ये लागला. अफूजन्य पदार्थ याच केंद्रांचा ताबा घेतात. काही काळाने तेवढ्याच मात्रेने परिणाम होत नाही आणि मात्रा वाढवावी लागते. पदार्थ न मिळाल्यास नाक-डोळे वाहणे, अंग मोडून येणे, पोटात कळा, जुलाब आणि निद्रानाश असा त्रास सुरू होतो. या अवस्थेला पोहोचलेला माणूस चैनीसाठी नशा करीत नाही. त्रास टळावा म्हणून करतो. त्याच्या शपथा मोडतात, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

परंतु सर्व दोष पदार्थाचाच नसतो. बेकारी, एकटेपणा, मनावरील आघात, उपचार न झालेले मानसिक दुखणे, मित्रांचा आग्रह आणि पदार्थाची सहज उपलब्धता ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे असताना सुमारे एक पंचमांश सैनिकांना हेरॉईनसारख्या पदार्थांचे व्यसन जडले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी शेकडा ५ च्या आसपासच लोक पुन्हा व्यसनाधीन झाले. परिस्थिती बदलली, घर आणि काम मिळाले, तेव्हा बहुतेकांची सुटका झाली. उलट, उपचारानंतर माणूस पुन्हा त्याच नाक्यावर, त्याच रिकाम्या दिवसात परतला, तर त्याचा पाय घसरण्याचा संभव वाढतो.

एका शब्दाची किंमत

मराठीत या रुग्णासाठी ‘गर्दुल्ला’ हा शब्द रूढ झाला. मधुमेह किंवा क्षय झालेल्या माणसाला आपण रुग्ण म्हणतो. गर्दच्या रुग्णाला मात्र रोगाचेच नाव चिकटविले जाते. या तुच्छतेचा पहिला परिणाम म्हणजे लपवालपवी. घरचे लोक आधी शेजाऱ्यांपासून, मग नातेवाइकांपासून आणि शेवटी डॉक्टरांपासूनही गोष्ट दडवितात. कोणी मुलाला खोलीत कोंडतो, कोणी देवापुढे शपथ घ्यायला लावतो, तर कोणी ‘लग्न केले म्हणजे सुधारेल’ या आशेने एका निरपराध मुलीचे आयुष्य पणाला लावतो. यांपैकी एकही गोष्ट उपचार नव्हे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे २ कोटी २६ लक्ष लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करणारे होते आणि सुमारे ७७ लक्ष लोकांना त्यासाठी मदतीची गरज होती. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेल्या १९ जणांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेत सोयींचा अभाव आहे, तसा लोकलज्जेचाही वाटा आहे.

मुक्तांगणचा धडा

१९८० नंतरच्या दशकात डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा येथे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी रुग्णाला प्रथम माणूस म्हणून वागविण्याची पद्धत घालून दिली. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी ती पद्धत टिकली. व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तेथे कार्यकर्ते म्हणून काम करू लागले. रुग्णाच्या पत्नीला व कुटुंबीयांनाही आधाराची गरज असते, हे ओळखून त्यांच्यासाठीही गट सुरू झाले. पुन्हा व्यसनाकडे वळलेल्या रुग्णाला दार बंद करावयाचे नाही, हा या कार्याचा मोठा धडा आहे. पुनरागमन हे या आजाराचे लक्षण आहे. तो विश्वासघात नव्हे.

औषधांचीही साथ घेता येते. वैद्यकीय देखरेखीखाली दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथॅडोन ही औषधे २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट झाली. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असा त्यांच्यावरील आक्षेप योग्य नाही. नियमित औषधाने माणूस कामावर जाऊ लागतो, सुयांतून पसरणारे रोग टळतात आणि अतिमात्रेने होणारे मृत्यू कमी होतात.

कायदा काय म्हणतो?

गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा व्यापाऱ्यासाठी अतिशय कठोर आहे. सेवन हाही गुन्हा आहे. मात्र कलम ६४ अ अन्वये, सेवनाचा अथवा अल्प प्रमाणातील पदार्थासंबंधीचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. याच कायद्याचे कलम ४७ पंच, सरपंच व ग्राम अधिकारी यांच्यावर एक कर्तव्य सोपविते : अफूची अथवा गांजाची बेकायदा लागवड झाल्याचे कळताच त्यांनी पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्यांना त्वरित खबर दिली पाहिजे. विकणाऱ्याविषयी कठोरता आणि आजाऱ्याविषयी मार्ग मोकळा, असे दुहेरी धोरण कायद्यातच आहे. गावाची वागणूक पुष्कळदा याच्या उलट दिसते. विकणाऱ्याला सर्व जण वचकून असतात आणि दगड आजाऱ्यावर भिरकावले जातात.

गावाला काय करता येईल?

महाराष्ट्रातील अनेक गावांत महिलांनी ‘आडवी बाटली’ला मत देऊन दारूची दुकाने बंद केली. ही लोकशक्ती मोठी आहे. पण दुकान मतदानाने बंद होते, आजार होत नाही. त्यासाठी वेगळे प्रयत्न हवेत.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना केवळ भीतिदायक चित्रे दाखवून थांबू नये. सतत गैरहजर राहणाऱ्या, एकाकी पडलेल्या मुलाशी वेळीच बोलणे अधिक उपयोगी पडते. ग्रामपंचायतीने १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक फलकावर कायमचा लिहून ठेवावा. प्राथमिक आरोग्य केंद्राने रुग्णाला जिल्ह्याच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवावे आणि त्याचे नाव गुप्त ठेवावे.

एक गोष्ट कुटुंबीयांना आवर्जून सांगितली पाहिजे. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी पूर्वीची मात्रा घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून उपचारानंतरचा किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. रुग्ण बेशुद्ध होऊन श्वास मंद झाला आणि ओठ निळे पडले, तर अब्रूचा विचार न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नेमक्या याच काळात गाव त्याच्याकडे पाठ फिरविते. त्याला रोजगार हमीच्या कामावर घेणे, दूध संस्थेत वा दुकानात लहानसे काम देणे, तालमीत आणि भजनी मंडळात पूर्वीसारखे बोलाविणे यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही. औषधाने शरीरातील विष उतरते. त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्याने कोणाबरोबर आणि कोणत्या कामात घालवावा, याची तजवीज गावालाच करावी लागेल.