दाह, प्रतिकारशक्ती आणि कॅन्सरचे उपचार



हल्ली कॅन्सरच्या काही रुग्णांना सांगतात, "तुम्हाला केमो नाही, इम्युनोतेरापिया देऊ." घरच्यांना वाटते, केमो नाही म्हणजे त्रासही नाही. ही समजूत धोक्याची आहे, म्हणून आज त्याविषयी.

आधी दाह म्हणजे काय ते पाहू. बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतू मारतात आणि काम झाले की दाह शमतो. इथले डॉक्टर याला 'दलेकेत' म्हणतात. शब्बाथचे दिवे लावण्याच्या 'हदलाका'त तोच धातू आहे. आपला 'दाह' शब्दही जळण्यावरूनच आला.

चुलीतली आग उपयोगाची, पण राखेखाली धुमसत राहिलेला निखारा घर जाळतो. हिपॅटायटिस बी किंवा सी यकृतात वर्षानुवर्षे राहिला, किंवा हेलिकोबॅक्टर जंतू पोटात राहिला, तर दाह थांबत नाही. पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि या धावपळीत चुका साठून कॅन्सरला वाट मिळते. दाह आणि कॅन्सर यांचे नाते जर्मन डॉक्टर फिर्शो यांनी १८६३ सालीच सुचवले होते. म्हणून या आजारांवर वेळेत उपचार घ्यावेत.

आता उपचारांकडे वळू. आपल्या पांढऱ्या पेशींनी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिलेले आहेत. कॅन्सर लबाड असतो. तो हाच ब्रेक दाबून धरतो आणि पेशींना आपल्यापासून दूर ठेवतो. किट्रुडा, ऑप्डिवो यांसारखी औषधे हा ब्रेक सोडवतात. या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक कॅन्सरला हे औषध लागू पडत नाही, पण ज्यांना लागू पडते त्यांतल्या काहींना वर्षांचे आयुष्य मिळाले आहे.

मात्र ब्रेक सुटला की पेशी निरोगी अवयवांवरही जाऊ शकतात. आतड्यात दाह झाला तर जुलाब, फुप्फुसात झाला तर खोकला आणि धाप, यकृतात झाला तर डोळे पिवळे व लघवी गडद, थायरॉइडमध्ये झाला तर कमालीचा थकवा. हे पहिल्या काही आठवड्यांत होऊ शकते, तसेच औषध बंद होऊन महिने लोटल्यावरही.

केमोचे उलट असते. तिच्यात पांढऱ्या पेशी कमी होतात. लाली नाही, पू नाही, फक्त ताप येतो. म्हणून केमो चालू असताना ३८ अंश ताप म्हणजे लगेच फोन, मग रात्र असो वा पहाट. आधी अकामोल घेऊन ताप दडवू नये.

इम्युनोतेरापिया घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे:

१. औषधाचे नाव लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा. मियुनमध्ये गेल्यावर पहिले वाक्य तेच: "मी इम्युनोतेरापिया घेतो" किंवा "घेत होते."

२. जुलाब रोजच्यापेक्षा वाढले तर ताक-भातावर किंवा घरच्या गोळीवर थांबू नका. नर्सला फोन करा. यावर वेगळा उपचार लागतो, बहुधा स्टेरॉइड. ते सांगितल्याप्रमाणे हळूहळूच कमी करायचे, मनाने बंद करायचे नाही.

३. नवी धाप किंवा वाढता खोकला थंडीचा समजू नका. श्वास घेणे कठीण झाले तर १०१ ला फोन करा.

४. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे विचारल्याशिवाय घेऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. आमटी-भाजीतली हळद चालेल.

आपल्या वयाच्या माणसांना दुखणे अंगावर काढायची सवय. मुलांची झोप मोडायला नको, शब्बाथ संपल्यावर बघू, असे आपण म्हणतो. पण हा दाह लवकर कळला तर बहुतेक वेळा आटोक्यात येतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे. तिचे नाव पिकुआख नेफेश. तेव्हा शुक्रवारच्या रात्रीही फोन उचला.