सुट्टीचा हंगाम आणि उघडी खिडकी



डिसेंबर उजाडला की भाषांतर सेवेत माझ्याकडे एक विषय हमखास येतो : सुट्ट्यांच्या दिवसांत कृतज्ञ, खेळकर आणि निरोगी कसं राहायचं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवसा हिशेब आणि रात्री भाषांतर, असं माझं चालतं. यातला 'निरोगी' शब्द सोपा, 'खेळकर'ही जमतो. पण 'सुट्ट्यांचा हंगाम' असं लिहिताना मला दरवेळी हसू येतं. आम्ही राहतो पनागरला, जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथे थंडीत 'हंगाम' म्हटलं की एकच गोष्ट समजली जाते, ती म्हणजे वाटाणा. जबलपूरचा हिरवा वाटाणा 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत निवडला गेला आहे. पनागर, पाटण, शहपुरा, सिहोरा या पट्ट्यात तो नोव्हेंबर-डिसेंबरपासून निघायला लागतो. शहरात लोक नाताळ आणि नव्या वर्षाच्या सुट्टीवर असतात, तेव्हा आमच्याकडे सगळ्यात जास्त काम असतं.

राहिला शब्द 'कृतज्ञता'. हा शब्द मी शेकडो वेळा टाइप केला असेल. एकदा सहज फोड करून पाहिली : कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केलं, हे ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. डोळे मिटून 'मी कृतज्ञ आहे' म्हणताना मन शांत होतं, त्याचा लाभ मीही घेतला आहे. पण या शब्दाला माहितीही लागते. ही गोष्ट मला गेल्या हिवाळ्यात कळली, आणि ती कळण्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली होती.

धुंधुरमासाचा एक दिवस

सूर्य धनु राशीत असतो तो साधारण १६ डिसेंबर ते मकरसंक्रांत हा महिना म्हणजे आपला धुंधुरमास. नाताळ, वर्षअखेर, शाळांची थंडीची सुट्टी, सगळं याच महिन्यात येतं. पहाटे उठून स्वयंपाक करायचा, सूर्योदयाला देवाला नैवेद्य दाखवायचा आणि कोवळ्या उन्हात सगळ्यांनी मिळून जेवायचं. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. महिनाभर हे करणारी घरं आता फार थोडी उरली असतील. आमची आजी एकच दिवस करते, पण तो चुकवत नाही. आमच्या गल्लीत आमचं एकच मराठी घर, त्यामुळे 'आज मराठीवाल्यांकडे रात्रीच जेवण आहे' अशी थट्टा दरवर्षी होते.

गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो दिवस ठरला होता. आदल्या रात्री कडाक्याची थंडी होती. मी आणि आजी एका खोलीत झोपतो. आजीचे गुडघे आखडले होते म्हणून मी कोळशाची शेगडी खोलीत आणली, दार लावलं, खिडकीच्या फटीत जुनी साडी कोंबली. निखारे लाल झाले होते, धूर अजिबात नव्हता. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं मला वाटलं. पहाटे साडेचारचा गजर लावून आम्ही झोपलो.

गजर वाजला तो मला फार लांबून ऐकू आला. डोकं फुटेल असं दुखत होतं, मळमळत होतं, पाय उचलत नव्हते. मी आजीला हाक मारली. ती बोलली नाही. हलवलं, तरी नाही. मी रांगत जाऊन दार उघडलं आणि ओरडले. आईबाबा धावत आले, आजीला उचलून अंगणात आणलं. थंड हवेत थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, पण ती मला ओळखत नव्हती.

याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. बंद खोलीत कोळसा जळताना हवा कमी पडली की हा वायू वाढत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू पोचत नाही. आपण रोज प्राणायाम करतो, श्वासावर इतकं बोलतो, आणि मी त्या रात्री स्वतःच्या हाताने खोलीतल्या फटी बुजवल्या होत्या. म्हणून इथे थोडं थांबून सांगते. शेगडी, सिगडी, पेटती लाकडं झोपायच्या खोलीत नकोतच. हात शेकायचे असतील तर दार-खिडकी उघडी ठेवून शेका, आणि झोपण्याआधी शेगडी घराबाहेर न्या. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गीझरही तितकाच धोकादायक आहे. एका खोलीतल्या दोघातिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, चक्कर आली, मळमळलं, तर थंडी बाधली असं समजू नका. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत न्या आणि मग दवाखाना गाठा.

कक्कांची गाडी

पहाटे पाचला गाडी कुठून मिळणार? शेजारच्या कक्कांच्या दारात त्यांची पिकअप उभी होती, वाटाण्याच्या पोत्यांनी भरलेली, मंडईत निघायच्या तयारीत. बाबांनी हाक मारली. कक्का आणि त्यांचा मुलगा काही न विचारता पोती खाली उतरवू लागले. आजीला मागे गादीवर झोपवलं आणि आम्ही जबलपूरला निघालो. दवाखान्यात आजीला मास्कने प्राणवायू दिला, मलाही दिला. दुपारपर्यंत आजी बोलायला लागली. तिचं पहिलं वाक्य होतं, "खिचडी कुणी टाकली का?"

पुढच्या सत्संगात सगळ्यांनी सांगितलं, ही कृपा आहे, गजराच्या रूपाने देवच आला. आजी म्हणाली, "कृपा तर आहेच. पण आता खिडकी उघडी ठेव." माझ्या मते त्या दिवशीचा तोच सगळ्यात चांगला सत्संग होता.

मी कक्कांना धन्यवाद म्हणायला गेले. त्यांनी हात झटकला : "अरे, मटर तो कल भी बिक जाएगी, बिटिया." मी त्यावर विश्वास ठेवला. दहा-बारा दिवसांनी त्यांच्या सुनेने बोलता बोलता सांगितलं की त्या दिवशी गाडी मंडईत पोचेपर्यंत दुपार झाली होती. वाटाण्याचा भाव सकाळी असतो. आवक वाढते तसा तो पडत जातो, आणि जानेवारीत तर सगळ्यांचाच माल एकदम येतो. उतरवून ठेवलेली पोती उन्हाने कोमेजली, त्यांना भाव आणखी कमी मिळाला. काढणीची मजुरी आणि डिझेल वजा जाता त्या दिवशी हाती जवळजवळ काही उरलं नव्हतं.

मी हिशेब शिकते. माझ्या वहीत या नोंदीला रकानाच नव्हता. दहा-बारा दिवस मी रोज ध्यानाच्या शेवटी मनोमन आभार मानत होते, आणि ज्या माणसाचे मानत होते त्याचं काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. बाबा पैसे घेऊन गेले तर कक्कांनी ते परत पाठवले, आणि जरा रागावलेही. मग आजीने मार्ग काढला. मला म्हणाली, "सुट्टी आहे ना तुला? मग शेतावर जा."

तोडणी

वाटाणा तोडणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. सकाळी शेतावर गेले तर वेलींवर दव होतं, पाच मिनिटांत बाह्या कोपरापर्यंत भिजल्या आणि बोटं बधिर झाली. वेल मुळासकट उपटायचा नाही, कोवळी शेंग सोडायची, भरलेली घ्यायची, आणि हे सगळं ओणवं राहून. कामावर आलेल्या बायांची टोपली भरून पोत्यात रिकामी होई तेव्हा माझी अर्धीही भरलेली नसायची. त्यांतल्या दोघींची लहान मुलं बांधावर शालीत गुंडाळून झोपवलेली होती.

आणि तरी तिथे हसणं चाललं होतं! शहरातली पोरगी आली म्हणून माझी थट्टा, एकमेकींची थट्टा, कोणाची सर पुढे जाते याची शर्यत. सर म्हणजे वेलींची रांग. ज्या बाईची सर मागे राहील तिने सगळ्यांना चहा आणून द्यायचा. तीनही वेळा चहा मीच आणला. 'खेळकर' शब्दाचं भाषांतर करताना माझ्या डोळ्यांपुढे रिकामा वेळ असलेली माणसं यायची. इथे सगळ्यात कमी रिकामा वेळ असलेल्या बाया खेळत होत्या. त्यांचे कष्ट त्याने कमी होत नाहीत, उगाच गोड चित्र मला रंगवायचं नाही. संध्याकाळी त्यांची पाठ माझ्याइतकीच दुखत असणार, फरक इतकाच की मी दुसऱ्या दिवशी गेले नाही आणि त्या गेल्या.

कक्कांनी एक वेल उपटून दाखवला. मुळांवर बारीक गाठी होत्या. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून वाटाण्यानंतरच्या पिकाला जमीन बरी मिळते. दुपारी शेतातच घुघरी झाली, म्हणजे ताजे दाणे, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर. सोबत गोवऱ्यांवर भाजलेली गक्कड आणि भरीत. आजीच्या धुंधुरमासाच्या ताटाची ही चुलतबहीणच म्हणायची. त्या रात्री मी नऊला झोपले, मोबाइल न बघता. कितीतरी महिन्यांनी.

ताटातलं आणि उन्हातलं

आपल्या हिवाळी रिवाजांत खाणं, उठणं, ऊन, अंगमेहनत आणि नैवेद्य एकत्र गुंफलेले आहेत. सुट्टीत आपण त्यातलं खाणं तेवढं उचलतो. पहाटे उठून, पाणी भरून, दळण दळून खाल्लेलं लोणी वेगळं, आणि साडेनऊला उठून पलंगावर खाल्लेलं वेगळं. तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं. संक्रांतीचा एक लाडू थंडीला पुरतो, डबा समोर ठेवून वेबसिरीज बघत बसलो तर सहा कधी जातात कळत नाही. गूळ साखरेपेक्षा सात्त्विक मानतात, ठीक आहे, पण मधुमेह असलेल्या माणसाची रक्तशर्करा गुळानेही वाढते. आमच्या आजीला हे पटवायला दोन वर्षं लागली.

उलट काही रिवाज आम्ही सोडले. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, म्हणून आजीची पहाटेची गार पाण्याची अंघोळ बंद झाली. धुक्यात फिरायला जाणंही बंद. ती ऊन वर आल्यावर गच्चीवर बसते, वाटाणे सोलते आणि तिथेच तिचा जप होतो. पनागरहून सिहोऱ्याकडे जाताना वाटेत कर्कवृत्त लागतं. त्यामुळे डिसेंबरअखेरीस भरदुपारीही आमच्याकडे सूर्य क्षितिजापासून साधारण ४३ अंशच वर येतो. अशा दिवसांत डी जीवनसत्त्वासाठी सकाळच्या अगदी कोवळ्या उन्हापेक्षा दुपारच्या आसपासचं ऊन जास्त कामाचं. आणि पाणी! थंडीत तहान लागत नाही, पण गरज असतेच. आजीच्या जपमाळेशेजारी आता तांब्या असतो. शंभर मणी झाले की दोन घोट, हा तिचाच नियम.

बोरन्हाण

संक्रांतीला इथे नर्मदेच्या तिलवारा घाटावर जत्रा भरते. मग रथसप्तमीपर्यंत आपलं हळदीकुंकू. माघ शुद्ध सप्तमीलाच नर्मदा जयंती असते, म्हणजे आमच्या अंगणात सूर्यासाठी दूध उतू जातं त्याच दिवशी संध्याकाळी ग्वारीघाटावर दिवे सोडले जातात. या दोन सणांच्या मधल्या दिवसांत आजीने ठरवलं की कक्कांच्या दीड वर्षाच्या नातवाचं बोरन्हाण करायचं.

शुभकार्यात काळं झबलं घालायचं, हे ऐकून कक्कांच्या घरी आधी शांतता पसरली. काळा रंग ऊन धरून ठेवतो, संक्रांतीला आम्ही मुद्दाम काळं नेसतो, असं आजीने समजावलं. हलव्याचे दागिने पुण्याहून मावशीने पाठवले. बोरं, उसाची कांडकी, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, आणि पनागर म्हणून वाटाण्याच्या शेंगा. बाळाच्या डोक्यावरून पहिली ओंजळ पडली तसं ते दचकलं, मग खदखदा हसलं. गल्लीतली पोरं तुटून पडली. महिन्यापूर्वी जी आजी मला ओळखत नव्हती, ती खुर्चीत बसून नेम धरून बाबांच्या टकलावर बोरं मारत होती. कक्काही पोरांमध्ये बसून शेंगा गोळा करत होते, आपल्याच शेतातल्या. (एक सूचना : शेंगदाणे आणि बिया असलेली बोरं लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. वेचू द्या, पण तोंडात काय जातंय यावर एका मोठ्या माणसाचं लक्ष हवंच.)

या वर्षीचा धुंधुरमासाचा दिवस ठरला आहे, डिसेंबरमधला शेवटचा रविवार. कक्कांच्या घरच्या सगळ्यांना आमंत्रण आहे. सूनबाई म्हणाल्या, मंडईची गाडी पाचला निघते, इतक्या सकाळी खिचडी कोण खाणार? म्हणून या वेळी नैवेद्याआधीच दोन डबे भरायचे ठरले आहेत, एक कक्कांचा आणि एक गाडीवरच्या मुलाचा. देव समजून घेईल, असं आजी म्हणते. गजर साडेतीनचा लावला आहे. खिडकी दोन बोटं उघडी आहे, आणि आजी दोन रजया घेऊन झोपते.