मेंदूची वेस आणि पक्षाघात
१८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या शरीरात रंग सोडला. बहुतेक अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. कारण त्यांना उमगले नव्हते. मेंदूच्या केशवाहिन्यांतील पेशी परस्परांना घट्ट सांधलेल्या असतात. हीच मेंदूची वेस, अर्थात रक्त-मेंदू अवरोध. गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटला की ही वेस ढासळू लागते. म्हणूनच गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत आणि रक्तदाब १८५/११० खाली आणूनच देतात. एरवी मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. जुन्या उच्च रक्तदाबाने ही वेस आधीच झिजलेली असू शकते. रुग्ण मात्र ‘डोके दुखत नाही’ म्हणून गोळी सोडतो! ‘रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला?’ हा डॉक्टरांचा प्रश्न औपचारिक नव्हे; उपचार त्याच्या उत्तरावर ठरतात.