एका आकड्यावर निकाल नको

संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये दारापाशी चेंगरून उभा राहिलेला आणि अंबरनाथला उतरून पुलाच्या पायऱ्या घाईने चढलेला इसम दवाखान्यात येऊन टेकतो न टेकतो, तोच त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि यंत्राने १५८/९६ असा आकडा दाखविला, तर तेवढ्या आधारावर त्यास आजन्म औषधाचा हुकूम सोडणे मला न्यायाचे वाटत नाही.

रक्तदाब हा दिवसभर खालीवर होणारा आहे. चहा, तंबाखू, तुंबलेली लघवी, एवढेच काय, मोजताना चाललेल्या गप्पासुद्धा तो चढवितात. म्हणून सुटी नोंद आणि अनेक नोंदींची सरासरी यांची योग्यता एक मानू नये. समजा, आपल्या सुट्या नोंदी मध्यापासून साधारणतः १२ अंकांनी इकडेतिकडे सरकतात. तर परस्परांशी निगडित नसलेल्या ४ नोंदींची सरासरी साधारणतः ६ अंकांनी सरकेल, १६ नोंदींची केवळ ३ अंकांनी. अस्थैर्य निम्मे करावयाचे तर नोंदी चौपट हव्यात, असा हा काहीसा महागडा हिशेब आहे. मात्र सरासरी स्थिर झाली म्हणून रक्तदाब स्थिर झाला असे नव्हे. सरासरी १२८ असणाऱ्यास उद्या सकाळी १४० दिसले, तर यंत्रावर रुसण्याचे अथवा गोळी स्वहस्ते वाढविण्याचे कारण नाही.

‘परस्परांशी निगडित नसलेल्या’ ही अट क्षुल्लक नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आहाराच्या संदर्भात हाच मुद्दा आग्रहाने मांडला होता: एकाच निरोगी माणसाचा आहार दिवसागणिक बदलतो आणि लगतच्या दिवसांचे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे सरासरीतील चढउतार अपेक्षेइतका झपाट्याने ओसरत नाही. कुपोषितांची गणती कशी करावी यावरून दांडेकर-रथ या अर्थशास्त्रज्ञांशी सुखात्मे यांचा झालेला वाद येथे सोडून देऊ. परंतु एकाच बैठकीत दहा वेळा पट्टा आवळून घेणाऱ्या आमच्या उत्साही मंडळींनी त्यांचा हा मुद्दा अवश्य ध्यानी घ्यावा. त्या दहा नोंदी एकाच घटकेच्या मनःस्थितीची साक्ष देतात.

तेव्हा तजवीज अशी करावी. सात दिवस, सकाळी औषधापूर्वी व संध्याकाळी, पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे; पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात व वेळेसह वहीत उतरवाव्यात. नकोशा आकड्यांवर काट मारू नये. पहिला दिवस वगळून उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा अधिक भरल्यास वही घेऊन डॉक्टरांकडे रुजू व्हावे. पट्टा दंडाच्या मानाने तोकडा असेल, तर मात्र प्रत्येक नोंद फुगलेली येईल आणि अशा शंभर नोंदींची सरासरीही फुगलेलीच निघेल. यास्तव आपल्या यंत्राची दवाखान्यातील यंत्राशी एकदा खातरजमा करून घ्यावी.

परंतु आकडा १८०/१२० च्या पुढे असून छातीत कळ, धाप, बोबडी वळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांपैकी काहीही असेल, तर सरासरीची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचे मोठे इस्पितळ तत्काळ गाठावे.