औंधचे पंच

सातारा जिल्ह्यातील औंध हे पूर्वी एका लहानशा संस्थानाचे मुख्य गाव होते. संस्थानात गावे अवघी ७२, आणि तीही विखुरलेली. काही औंधच्या आसपास, काही आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी व कुंडल या भागांत, तर काही दूर विजापूरकडे.

येथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या हाती दिली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना तयार झाली व २१ जानेवारी १९३९ रोजी ती जाहीर करण्यात आली. राजपुत्र अप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांनी खेड्यांत हिंडून ती लोकांना समजावून दिली.

प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडावयाचे होते. हे पंच म्हणजे कोणी परके अंमलदार नव्हेत. गाऱ्हाणे सांगावयाचे तर ते शेजारच्याच बांधावर भेटत. गावाच्या गरजा तर ते पाहतच. शिवाय तंटेही गावातच, सर्वांच्या देखत मिटवीत. तेथे खोटी साक्ष देणे सोपे नव्हते, कारण ऐकणारे सारे शेजारीच असत!

मतदारास लिहितावाचता आले पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. अट कडक खरी. ज्यांना लहानपणी शाळाच मिळाली नाही, त्यांचा यात काय दोष? परंतु तिच्यामुळेच प्रौढांना साक्षर करण्याचे काम हाती घेणे भाग पडले.

१९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे दहा वर्षांनी मुंबई राज्यात ग्रामपंचायतींचा कायदा झाला.