वायरलेस कॅमेऱ्याचा शोध ‘उघड’ आहे का? तपासायची कृती

दिल्ली-नोएडात घडलेल्या वायरलेस कॅमेऱ्याच्या पेटंटचा अर्ज द्वारका, सेक्टर 14 मधल्या पेटंट कार्यालयात जातो. पहिल्या तपासणी अहवालात अनेकदा आक्षेप येतो: यात ‘इन्व्हेन्टिव्ह स्टेप’ नाही, शोध उघड आहे. उत्तराला सहा महिने मिळतात. त्याआधी, खरं तर अर्ज करण्याआधीच, ही तपासणी स्वतः करा.

कागदाच्या माथ्यावर प्रायॉरिटी डेट, म्हणजे शोधाच्या पहिल्या अर्जाची तारीख, लिहा. त्यानंतर प्रसिद्ध झालेलं काहीही इथे चालत नाही. मग मुख्य क्लेमचे, म्हणजे ज्यावर हक्क मागता त्या वर्णनाचे, तुकडे पाडा. समजा: (क) बॅटरीवरचा कॅमेरा, (ख) हालचाल होताच त्याला जागं करणारा पीआयआर सेन्सर, (ग) कार्डावर पूर्ण दर्जाचं आणि मोबाइलवर हलकं, असं दुहेरी चित्रण, (घ) वायफाय तुटण्याआधीच सिग्नलची घसरण ओळखून मोबाइलकडचं प्रक्षेपण बंद करणारा प्रोसेसर.

आता जुनं शोधा. इनपास आणि एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या संकेतस्थळांवर एच04एन 7/18 हा क्लोज्ड-सर्किट टीव्हीचा वर्ग चाळा. पण पेटंटांवर थांबू नका. गोप्रो आणि कॉन्टूर यांच्या वादात 2009 च्या व्यापारी प्रदर्शनात वाटलेला कॅटलॉगही अमेरिकी अपील न्यायालयाने 2018 मध्ये पूर्वप्रकाशित साहित्य मानला. भारतात आधीपासून वापरात असलेली वस्तूही आड येते. म्हणून दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमधल्या जुन्या मालाची तारीख असलेली बिलंसुद्धा बघा.

समजा क, ख, ग सापडले. उरला घ, आणि सगळा निवाडा इथेच आहे. रोश विरुद्ध सिप्ला खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये पाच पायऱ्या घालून दिल्या. त्यातला ‘जाणकार’ म्हणजे कामात तरबेज, पण कल्पनाशक्ती नसलेला माणूस. आपल्या बाबतीत कॅमेरा कंपनीतला साधा एम्बेडेड इंजिनिअर. त्या तारखेला, सापडलेले जुने कागद हातात असताना, तो घ पर्यंत पोचला असता का? एखादा कागद ‘सिग्नल घसरला की दर्जा कमी करा’ म्हणत असेल, तर प्रक्षेपण बंद करणं एकाच पावलावर आहे. तुमची बाजू लंगडी आहे हे मान्य करा. उलट सगळे कागद प्रक्षेपणाची ताकद वाढवायला सांगत असतील, तर ते कागद जपून ठेवा. ते तुमच्या बाजूचे आहेत.

उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडं सोपं वाटतं, आणि हा दोष टाळायला न्यायालयानेच बजावलं आहे. शोध न पाहिलेल्या इंजिनिअरपुढे फक्त अडचण आणि जुने कागद ठेवा. तो काय सुचवतो ते टिपा. हा पुरावा नव्हे, पण स्वतःची फसवणूक टळते.

बदल साधा आहे म्हणून खचू नका. एव्हरी डेनिसन प्रकरणात (2022) दिल्ली उच्च न्यायालयाने जुना कागद आणि नवा शोध यांच्यातल्या काळाच्या अंतराला महत्त्व दिलं. मात्र भाग नुसते शेजारी बसून आपापलं काम करत असतील, तर पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) आडवं येतं. सेन्सर, प्रोसेसर आणि रेडिओ एकमेकांवर काय परिणाम करतात, बॅटरी किती जास्त टिकते, हे मोजमापासह मूळ विवरणातच लिहा. विवरणाबाहेरची गोष्ट नंतर क्लेममध्ये घालता येत नाही.